खडू, साबण आणि तेलाचा एक थेंब

मी एक जुनी खुंटी आहे, मित्रांनो. कपडे अडकवायची नव्हे, व्हायोलिनची. व्हायोलिनच्या मानेच्या टोकाला लाकूड गोगलगाईसारखं वळलेलं असतं. त्याच्या खाली चार कान बाहेर आलेले दिसतात ना, त्यांतला एक कान मी. कान पिळला की तार ताणली जाते, उलटा पिळला की सैल पडते. तुमचे कान पिळले तर तुम्ही भोकाड पसरता, आमचे पिळल्याशिवाय गाणंच सुरू होत नाही.

माझं लाकूड पिवळसर आहे, एका बुटक्या झुडपाचं. ते झुडूप इतकं सावकाश वाढतं की लावणाऱ्याच्या नातवाला त्याचं लाकूड मिळालं तरी नशीब. एका कारागिराने मला आणि माझ्या तीन बहिणींना लेथवर फिरवून गोल केलं. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक, गाजरासारखं. ज्या भोकात आम्हाला बसायचं तेही तसंच निमुळतं कोरलेलं होतं. मला भोकात बसवून त्याने दोन वेळा फिरवलं, मान डोलावली आणि तो जेवायला गेला. तेवढंच माझं बारसं.

मी जन्मजात चौकस. त्याला माझा इलाज नाही, कारण माझं अर्धं अंग बाहेर उजेडात आणि अर्धं आतल्या काळोखात. माझ्या पोटाशी गुंडाळलेली तार पुढे लांबवर कुठे तरी जाते, हे मला ठाऊक होतं. पण ती तिकडे जाऊन काय करते? तिला हलवलं की सगळं लाकूड का थरथरतं? मला बोटं कळत, ओढ कळे, पण सूर मात्र शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तसा, अर्धामुर्धा. मला तो पुरता ऐकायचा होता.

चारही बहिणींत मान माझा. मी दुसऱ्या तारेची खुंटी. वाजवणारे आधी दुसरी तार जुळवतात आणि मग तिच्या आधाराने बाकीच्या. त्यामुळे सगळ्यांत जास्त वेळा कान पिळला जातो तो माझाच. मी आणि माझं भोक दोघंही झिजत गेलो. मी दर वर्षी केसभर आत सरकत होते, पण कुरकुर केली नाही. खरं सांगायचं तर केली, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

ते सांगण्याआधी माझ्या माणसांची ओळख करून देते. गेली बरीच वर्षं मी एका घड्याळवाल्यांच्या घरात आहे. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत स्वयंपाक, वरच्या खोलीत त्यांची लेक आणि आम्ही. दुकानात पन्नासेक घड्याळं, आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नसे. घड्याळवाले बाबा दिवसभर डोळ्याला भिंग लावून चिमट्याने चाकं उचलत. त्यांचा एकच मंत्र होता, ''जे करकरतं त्याला तेल हवं.'' दाराच्या बिजागऱ्या, शिवणयंत्र, शेजाऱ्यांची सायकल, कशालाही त्यांच्या तेलाच्या कुपीचा एक थेंब मिळे. सुई बुडवायची, थेंब सोडायचा, पुसायचं. सगळं कसं गुळगुळीत.

लेक लहान होती तेव्हापासून मला पिळते आहे. ती शाळेत मुलांना संगीत शिकवायची आणि तिच्या मनात एकच गोष्ट होती. शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात तिला बसायचं होतं. जागा सहसा निघत नसे. ती चौतीस वर्षांची असताना एकदाची निघाली आणि तिला चाचणीचं बोलावणं आलं.

त्या आठवड्यात हवा दमट, ओलीगच्च होती. अशा हवेत लाकूड फुगतं आणि भोकात अडकतं. त्यामुळे पिळलं की मी करकरत होते. चाचणीच्या दिवशी सकाळी लेक अंघोळीला गेली आणि बाबा वरच्या खोलीत आले. त्यांनी मला फिरवून पाहिलं, माझी कुरकुर ऐकली आणि प्रेमाने म्हणाले, ''अगं, तुलाही आजच करकरायचं होतं का?'' खिशातून कुपी निघाली. सुई बुडाली. थेंब माझ्या पायाशी पडला आणि आत झिरपला.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला फार बरं वाटलं.

चाचणीच्या खोलीत एक पडदा होता आणि त्याच्या पलीकडे तीन परीक्षक. वाजवणारा दिसू नये, फक्त ऐकू यावा, अशी तिथली रीत. लेकीने सूर जुळवला आणि सुरुवात केली. अर्ध्या मिनिटात माझे पाय घसरले. तार ढिली पडली आणि सूर जिन्यावरून गडगडावा तसा खाली आला. तिने थांबून मला पिळलं, आत दाबलं, पुन्हा सुरुवात केली. मी पुन्हा घसरले. मला थांबायचं होतं हो! जीव तोडून थांबायचं होतं, पण तेलात कोण थांबेल? तिसऱ्यांदा घसरल्यावर ती ''माफ करा,'' असं पडद्याला म्हणाली आणि बाहेर आली.

घरी येऊन तिने सांगितलं, ''माझे हात थरथरले, बाबा. नीट पिळताच आलं नाही. इतकी वर्षं वाजवते आणि ऐन वेळी हातांनी दगा दिला.''

बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेलाचं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं, पण खुंटीला कुठे तोंड असतं? आम्ही पेटीत बंद झालो आणि पेटी कपाटावर गेली. आठ महिने लेकीने व्हायोलिनला हात लावला नाही. खालून घड्याळांचे टोले ऐकू येत, पन्नास जणांचे पन्नास वेळा, आणि मी मोजत बसे.

मग पुन्हा एक पत्र आलं. निवडलेला माणूस नोकरी सोडून गेला होता आणि जागा परत रिकामी झाली होती. चाचणी दोन आठवड्यांनी. पस्तिशी उलटलेल्यांना तिथे घेत नसत, म्हणजे ही तिची शेवटची वेळ. ''मी नाही जाणार,'' लेक म्हणाली. ''तेच हात घेऊन जायचं ना?''

बाबा त्या दिवशी बाजारात गेले आणि एक मखमली डबी घेऊन आले. आत नव्या कोऱ्या काळ्याभोर खुंट्या, तारा खाली धरून ठेवणारी पट्टी आणि हनुवटी टेकायची वाटी. सगळं चकचकीत. ''हात राहू देत,'' ते म्हणाले. ''वाद्याला नवे कान लावू. चल, बसवून आणू.''

बाबांचं मन मोडवेना म्हणून ती निघाली. असे आम्ही सगळे वाद्यं दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे पोचलो. बाईंचं दुकान म्हणजे एका गल्लीच्या टोकाची लांबट खोली. भिंतीवर पाठी उघडी पडलेली व्हायोलिनं, कोपऱ्यात सरसाचं भांडं गरम होत ठेवलेलं, जमिनीवर लाकडाच्या कुरळ्या सालपटांचा सडा. बाईंच्या नाकावर एक चष्मा आणि डोक्यावर दुसरा. नाकावरचा लाकडासाठी, डोक्यावरचा माणसांसाठी.

मखमली डबी बघून त्यांनी डोक्यावरचा चष्मा खाली ओढला, बाबांकडे पाहिलं आणि एक ओलं फडकं उचललं. एक काळी खुंटी घेऊन फडक्याने चोळली. फडकं काळं झालं, खुंटी फिकट पडली.

''हे आबनूस म्हणून दिलं ना तुम्हाला? साधं मऊ लाकूड आहे. तोंडाला काळं फासून आलंय,'' बाई म्हणाल्या. मग त्यांनी पट्टी तळहातावर तोलली. ''आणि ही बघा, केवढी जड! नाकापेक्षा मोती जड. ही लावली की आवाजाचा गळा दाबला जाईल.''

''दुकानदार म्हणाला, सगळे हेच नेतात,'' बाबा हळूच म्हणाले.

''नेतात ना. म्हणून तर माझं दुकान चालतं.''

मग बाईंनी माझी तार सोडवली आणि मला उपसून बाहेर काढलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा अख्खी उजेडात आले. त्यांनी मला नाकाशी नेलं, हुंगलं, आणि दोन्ही चष्मे कपाळावर चढवले.

''हिला तेल कुणी घातलं?''

लेक म्हणाली, ''तेल? छे. कुणीच नाही.''

''अहो, वास येतोय. पायाशी चिकट आहे. भोकसुद्धा तेल प्यायलंय. तेल घातल्यावर खुंटी थांबायची कशी? कोणत्याही हातांनी पिळा, घसरणारच.''

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातली कुपी बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. ''मी घातलं,'' ते म्हणाले. ''चाचणीच्या दिवशी सकाळी. करकरत होती गं. मला वाटलं, तुला त्रास नको. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आठ महिने तू हातांना दोष देत होतीस आणि मी... मी तुझं समाधान करत होतो.''

मला वाटलं, आता लेक रागावणार. तिने रागवावं असंही मला जरा वाटत होतं. ती आपल्या हातांकडे पाहत राहिली, उलटे केले, सुलटे केले. मग ती हसायला लागली आणि हसताहसता तिचे डोळे भरून आले.

''म्हणजे माझे हात नव्हते?'' ती म्हणाली. ''बाबा, माझे हात चांगले आहेत?''

''सोन्यासारखे आहेत गं,'' बाबा म्हणाले आणि उठले. ''मी बाहेर बसतो. मी हात लावला की बिघडतं.''

''मुळीच नाही,'' बाई म्हणाल्या. ''बसा इथे. आणि खिशातलं भिंग काढा.''

खुंटी कशी निवडायची हे मी त्या दुपारी पाहिलं. बाईंनी एक खण ओतला. त्यात माझ्याच जातीच्या लाकडाच्या, पण कोवळ्या वयाच्या वीसेक खुंट्या होत्या. लाकडातल्या रेघा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावतात का ते पाहायचं, कारण वाकड्या रेघेची खुंटी पिळता पिळता मोडते. काचेच्या तुकड्यावर लोळवून बघायची, डुगडुगली तर ती गोल नाही. बाबांनी डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक खुंटी चिमट्याने उचलली. जे बाईंच्या दोन चष्म्यांना दिसलं नव्हतं ते त्यांना दिसलं. ''हिला चीर आहे. केसाएवढी.'' बाईंनी खुंटी हातात घेऊन पाहिली, पुन्हा पाहिली. ''तुम्ही माझ्याकडे कामाला येता का?'' त्या म्हणाल्या. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

चार निवडल्या गेल्या. तीन भोकांत नव्या खुंट्या नुसत्या घासून बसल्या. माझं भोक मात्र झिजून आणि तेल पिऊन वाया गेलं होतं. ''हे आधी कोरून स्वच्छ करायचं, मग लाकडाने बुजवायचं आणि नव्याने पाडायचं,'' बाई म्हणाल्या. ''त्याला जुनं, मुरलेलं लाकूड हवं.'' त्यांची नजर टेबलावर फिरली आणि माझ्यावर थांबली. ''हिच्या गळ्याजवळ तेल पोचलेलं नाही. हिचाच गळा कापते.''

मित्रांनो, गळा कापला जाताना कुणाला उत्सुकता वाटत असेल असं मला वाटत नाही. मला वाटली. करवतीने माझ्या गळ्यातून दोन वाटोळे तुकडे निघाले. सरस लावून ते माझ्याच जुन्या भोकात बसले, खुंटी ज्या दोन लाकडी भिंतींतून आरपार जाते त्यांतल्या एकीत एक आणि दुसरीत दुसरा. दोन दिवसांनी त्यांच्या मधोमध नवं भोक पाडलं आणि त्यात नवी खुंटी आली. बाईंनी तिच्या अंगाला थोडा कोरडा साबण घासला आणि थोडा खडू. ''फिरायला साबण, थांबायला खडू,'' त्या बाबांना म्हणाल्या. ''तुमच्या घड्याळाला फक्त फिरायचं असतं. हिला दोन्ही जमावं लागतं.'' बाबांनी खडूचा तुकडा मागून घेतला आणि खिशात ठेवला.

लेकीने तार चढवली, गज उचलला आणि वाजवलं. आणि मी ऐकलं! पूर्वी मी भोकात आलेली पाहुणी होते. आता सरसाने चिकटून त्या लाकडाचाच भाग झाले होते. ज्या सुराबद्दल मी जन्मभर विचारत होते तो माझ्या आरपार गेला. कसा होता म्हणून विचाराल, तर मला सांगता येत नाही. मला खूप आनंद झाला, एवढंच सांगते.

चाचणीला तोच पडदा होता. लेकीने दुसरी तार जुळवली आणि नव्या खुंटीला मी चारी बाजूंनी घट्ट धरलं. ती कोवळी पोर घाबरली होती. मी तिला म्हटलं, ''तू फक्त फिर. थांबवायला मी आहे.'' तिसरं मिनिट गेलं, सातवं गेलं. पडद्याआडून कुणीतरी खोकलं. आम्ही शेवटच्या सुरापर्यंत पोचलो.

जागा मिळाली. शेवटच्या रांगेतली शेवटची खुर्ची, पण खुर्ची ती खुर्ची.

आता माझं उरलेलं डोकं कुठे गेलं, ते सांगायचं राहिलं. ते बाबांनी बाईंकडून मागून घेतलं. दुकानात ज्या खणात आता तेलाची कुपी असते, त्या खणाची मूठ म्हणून त्यांनी मला बसवलं आहे. त्यामुळे मी दोन ठिकाणी राहते. तेल हवं असेल तर बाबांना आधी माझा कान धरावा लागतो. धरला की ते क्षणभर थांबतात आणि समोर जे असेल त्याला विचारतात, ''तुला फिरायचंय, की थांबायचंय?'' गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारा स्वतःशी बोलतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही काही ना काही करकरत असेल. त्याच्यावर माया करा, जरूर करा. पण कुपी उघडण्याआधी त्यालाही एकदा विचारून बघा.