दोन मालक, एक मेलबॉक्स

वेगळं होण्यातच माणसाची खरी वाढ असते, असं धाकट्याने थोरल्या भावाला निक्षून सांगितलं आणि लगेच विचारलं, "पण दादा, ईमेलचं काय?"

वडिलांची लिफ्ट बनवायची कंपनी दोघांनी वाटून घेतली होती. मजला तोच, मधे प्लायवुडची भिंत. नेटवर्कंही दोन झाली. इकडच्या कॉम्प्युटरने तिकडच्याला ओळखसुद्धा दाखवायची नाही, असं ठरलं. मेल सर्व्हर मात्र एकच होता आणि तो करवतीने कापता येत नव्हता.

तो दोघांना वापरता येईल अशी जुळणी भाऊजींनी केली. भाऊजी म्हणजे बहिणीचा नवरा. कॉम्प्युटरचं काम त्यांना मिळालं ते घरचे म्हणून, आणि टिकलं ते जावयाला कुणी बोलत नाही म्हणून.

वडिलांच्या काळापासून गिऱ्हाइकं 'मालक' या नावाने मेल पाठवत. ते नाव सोडायला दोघेही तयार नव्हते. भाऊजींनी तोडगा काढला: कंपन्यांचे पत्ते दोन, पासवर्ड दोन, आत मेलबॉक्स एक. "तात्पुरतं आहे," असं ते बायकोला म्हणाले. मालकांना सांगायचं राहून गेलं.

धाकट्याकडे काम नव्हतं. एका इस्पितळाच्या लिफ्टसाठी त्याने कोटेशन दिलं होतं. ते काम मिळालं नाही, तर पुन्हा दादाच्या हाताखाली जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

इस्पितळाच्या व्यवस्थापक बाईंनी मेलवर विचारलं, मंगळवारी मोजमापाला याल का? सकाळी दादांनी ते उघडलं. या इस्पितळाला आपण कोटेशन कधी दिलं हे त्यांना काही केल्या आठवेना. वयाचा दोष समजून त्यांनी "येतो" असं लिहून टाकलं. दुपारी धाकट्याने पाहिलं, तर उत्तर गेलेलं.

"हे मी लिहिलं?" त्याने बायकोला विचारलं. ऑफिस तीच सांभाळायची.

"मग काय मी? खाली 'मालक' आहे."

"अगं, मंगळवारी मी बाहेरगावी आहे!"

"मग तसं कळवा. आणि डोकं दाखवून घ्या कुणाला तरी."

त्याने बुधवार कळवला. दुसऱ्या दिवशी दादा ते वाचून हबकले. बुधवारी त्यांच्याकडे तपासनीस येणार होते. "आधीचं रद्द, मंगळवारच" असं लिहून त्यांनी डॉक्टरांची वेळ घेतली. दुपारी ते वाचून धाकट्यानेही घेतली. दवाखान्याच्या बाकावर दोघे शेजारी आले.

"तू इथे कसा?" दादांनी विचारलं.

"पाठ. तुझं काय?"

"माझीही पाठच."



शेवटी बाईंनी, मेलचं काम बघणारे म्हणून, भाऊजींना फोन केला. "तुमचे मालक स्वतःशीच भांडतात हो. आम्हाला लिफ्टमध्ये जिवंत माणसं चढवायचीत."

भाऊजींनी दोघांना बोलावून सगळा प्रकार सांगितला.

"भाऊजी, वेड लागायची वेळ आली होती आमच्यावर!" धाकटा ओरडला.

"एकमेकांशी एकदा बोलला असतात, तर तेव्हाच कळलं असतं."

"बोलायचं असतं तर भिंत कशाला घातली असती?" दादा म्हणाले. वेगळे झाल्यापासून दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. भाऊजींनी दुसरा सर्व्हर मागवला.

इस्पितळाने काम तिसऱ्याच कंपनीला दिलं. काही दिवसांत प्लायवुड निघालं आणि धाकटा दादांच्या शेजारच्या टेबलावर बसू लागला. त्यानंतर नवा सर्व्हर आला.

आता कंपनी एक आहे आणि सर्व्हर दोन.