कडेची नजर

डॉक्टरांनी यमुनाला डावा डोळा तळव्याने झाकायला लावला आणि आपलं बोट तिच्या उजव्या कानाकडून हळूहळू पुढे आणलं.

"माझ्या नाकाकडे बघा. बोट दिसलं की सांगा."

"दिसलं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी बोट पुन्हा मागे नेलं. असं तीनदा झालं. मग त्यांनी तिला बाकावर निजवलं, डोळ्यात झोंबणारा थेंब टाकला आणि बुबुळावर एक छोटं यंत्र टेकवून त्याचा काटा पाहिला.

सौंसरच्या शाळेत नेत्रशिबिर भरलं होतं. यमुना पांढुर्ण्याहून आली ती नुसत्या चष्म्यासाठी. गोधडी शिवताना सुईत दोरा जाईनासा झाला होता. नगरपालिकेत नोकरीला असलेला तिचा नवरा श्रावण रजा टाकून सोबत आला होता.

"चष्मा देतो," डॉक्टर म्हणाले, "पण आज आलात ते बरं झालं. डोळ्यातला दाब वाढलाय. काचबिंदूची सुरुवात आहे."

"मले तर चांगलं दिसते, साहेब. दुखत बी नाई."

"तेच तर. दुखत नाही, समोरचं दिसत राहतं, म्हणून कुणी तपासून घेत नाही. आधी कडेची नजर जाते. शेजारी माणूस उभं असलं तरी कळत नाही, पायाला वस्तू लागतात. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली राखता येते. औषध रोज टाकायचं आणि दर सहा महिन्यांनी दाखवायचं. हा रोग घराण्यात उतरतो. भावाबहिणींत कुणाला आहे का हा त्रास?"

पदराचं टोक यमुना बोटाला गुंडाळत राहिली.

तीन वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नात ती मांडवाच्या दाराशी उभी होती. रामाकोन्याहून थोरली बहीण गुणवंता आली. यमुनाने हात पुढे केला, "ये बाई" म्हणाली. वाजंत्री चालू होती. गुणवंता तिच्या अंगाला घासून पुढे गेली, वळूनसुद्धा पाहिलं नाही. आणि चार पावलांवर, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींपुढचं फुलांचं तबक तिच्या पायाने उडालं. सारा मांडव बघत होता.

"माह्या पोरीचं चांगलं झालेलं तुले पाहवत नाई!" यमुना सगळ्यांदेखत ओरडली होती.

गुणवंता खाली बसून चाचपत फुलं वेचत राहिली आणि न जेवताच निघून गेली. तेव्हापासून दोघींनी एकमेकींचा उंबरठा ओलांडला नव्हता.

"काहून थांबली?" शाळेच्या फाटकाशी श्रावणने विचारलं. "पांढुर्ण्याची बस लागली आहे."

"रामाकोन्याले जाऊ."

श्रावण तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

गुणवंता अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. काही दाणे सुपात पडत होते, काही मातीत. यमुना तिच्या शेजारी, हातभर अंतरावर जाऊन उभी राहिली. गुणवंताचे हात चालूच राहिले. यमुना समोर आली. बहिणीने मान वर केली, पण तिची नजर यमुनाच्या चेहऱ्यावरून तशीच पुढे गेली.

"कोण आहे?"

यमुनाने मागे वळून श्रावणकडे पाहिलं.

"गुलाब, पाय बरं कोण आलं," गुणवंताने घरात असलेल्या आपल्या मुलाला हाक मारली.

"बाई, मी."

शेंग हातातच राहिली. "यमुना?"

गुणवंताने हात पुढे केला, हवेत चाचपलं आणि तिचं मनगट धरून तिला बाजेवर बसवलं.

"कवापासून असं?" यमुनाने विचारलं.

"दिवाळीपासून काईच नाई. आधी थोडं थोडं. वय झालं म्हटलं." तिने हातातली शेंग खाली ठेवली. "त्या दिवशी तुले साऱ्या मांडवात धुंडलं वो मी. कोणी म्हणे, दारातच उभी आहे. मले काई तू दिसली नाई. मले वाटलं, मीच नको झाली तुले. अन् मंग तुहा आवाज आला."

यमुनाने कपाळ तिच्या गुडघ्यांवर टेकलं. गुणवंताचा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. श्रावण अंगणाच्या टोकाला जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"शिबिरात मले नेशीन का?" यमुनाने डोळे तपासल्याचं सांगितल्यावर गुणवंताने विचारलं.

गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांचं बोलणं यमुनाला सांगवलं नाही. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ गुणवंताला उमगला असावा. तिने पुन्हा विचारलं नाही. सुपातले दाणे तळव्याने सारखे केले.

"अन् तुहे डोळे?"

"माहे वाचतीन म्हणतात. लवकर समजलं."

"मंग बरं झालं."

"बाई, गुलाबले पाठव. उद्या शिबिराचा शेवटचा दिवस आहे. पोराबाळांतही उतरते म्हणे."

गुलाब दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो हसला. "मले काय झालं, मावशी? झाडाच्या शेंड्यावरचं संत्र दिसते मले."

गुणवंताने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"मलेही दिसे रे, बाबू," ती म्हणाली. "लय दिवस चांगलं दिसे. तू जाय."