नव्या कॉम्प्युटरवर

अंबडच्या कोर्टासमोर भावना आणि इरम मिळून टायपिंगचं दुकान चालवायच्या. लोकांचे अर्ज लिहायला त्यांनी एका एआय मदतनीसाला इथली बोली शिकवली होती. पुढं इरम लग्न होऊन परभणीला गेली.

आज भावनानं मदतनीस नव्या कॉम्प्युटरवर टाकला, तर त्याला ती बोली कळेचना. तिनं इरमला फोन लावला.

"आपण शिकवलेलं कुठं ठेवलं गं?"

"'दोघी' नावाचा फोल्डर हाय बघ. तो टाक."

फोल्डर टाकल्यावर अर्ज बराबर निघाला.

"मंग ठेवू फोन?" इरमनं विचारलं.

"थांब ना. तक्रारीतल्या शिव्यांचा अर्थ त्याला सांगताना किती हसल्तो आपण!"

इरम खळखळून हसली. बाहेर दोन पक्षकार खोळंबले होते, तरी भावनानं फोन ठेवला न्हाई.