सतरा नंबरला न पोहोचलेला निरोप

मी आगीचा निरोप बोलतोय. प्रयोगशाळेत मला पॅकेट म्हणतात. तुम्हा माणसांशी गोड बोलायची मला मुळीच हौस नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म ग्रीसमधल्या हल्किदा शहरातल्या एका संगणकात झाला. असिमीना नावाच्या विद्यार्थिनीने मला घडवलं. तिच्या गावाच्या पाइनच्या जंगलात वणव्याचा इशारा देणारी चाळीस यंत्रं बसायची होती. त्याआधी चाचणी म्हणून तिने पडद्यावर चाळीस ठिपक्यांचं खोटं जंगल मांडलं, एक ठिपका म्हणजे एक यंत्र. एका ठिपक्याने मला आपल्या सगळ्या शेजाऱ्यांना एकदम ओरडून सांगायचं, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना. दिवसातून शंभरदा ती मला जन्माला घालायची आणि कॉफी पीत मोजायची, कितीजणांपर्यंत पोहोचलो.

दर वेळी चाळीसपैकी चाळीस. तिचे प्राध्यापक दोक्सास खूश. मलाही गर्व चढला होता, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी तिचे बाबा आले. थिमिओस. झाडांना खाचा पाडून राळ गोळा करणारा माणूस, बोटं कायम चिकट. मुलीसाठी चीज भरलेली पोळी घेऊन आले होते.

"यातला मी कुठला?" त्यांनी पडद्याकडे बघत विचारलं.

"सतरा नंबर, बाबा. तुमची झोपडी."

"आणि अलीकडची दरी कुठाय?"

असिमीनाने बोट ठेवलं तिथे सपाट जमीन होती.

"डोंगराला इस्त्री फिरवलीस होय गं? दरीपलीकडून हाक मारली तर माझ्या गाढवालासुद्धा ऐकू येत नाही."

ते गेल्यावर तिने दरी घातली. मी धावलो आणि कड्यावर आपटून मेलो. अकरा वेळा पाठवलं, अकरा वेळा मेलो. सतरा नंबरला काहीच कळलं नाही.

दोक्सास तणतणत आले. "दरी काढ. उद्या अहवाल जायचाय. सपाट जमिनीवरच चाचणी करतात सगळे."

"सर, कड्यावर आणखी एक यंत्र लावलं तर? तिथे माझे बाबा असतात."

"म्हणजे सगळी मांडणी पुन्हा करायची? मोबाइल जवळ ठेवा म्हणावं त्यांना."

"तिथे मोबाइल लागत नाही, सर."

"असिमीना, पदवी हवीय ना तुला?"

तिने दरी काढली. मी तिला माफ केलेलं नाही.

यंत्रं बसली. नगराध्यक्षांनी फीत कापली. परवा थिमिओस पुन्हा आले, पडद्यासमोरच्या खुर्चीत ऐसपैस बसले.

"इतकी वर्षं उन्हाळ्यात डोळ्याला डोळा लागायचा नाही," ते म्हणाले. "सारखा धुराचा वास घेत बसायचो. आता दुपारी मस्त ताणून देतो. पोरीचं यंत्र उठवेलच की."

असिमीना त्यांनी आणलेली पोळी चावत राहिली.

मी त्यांना उठवणार नाही. मला ती दरी ओलांडता येत नाही, आणि हे तिला माहीत आहे. तुमच्यापैकी कुणाला पाय असतील तर चालत जा आणि त्या म्हाताऱ्याला सांगा, झोपू नका.