मानाचा मुतखडा

वडगाव निंबाळकरच्या बाप्यांना आजार व्हायचे ते कमरेच्या वर, नाहीतर मांडीच्या खाली. हृदय चालायचं, गुडघा चालायचा, मधुमेह तर प्रतिष्ठेचाच. मधला जो मुलूख आहे तिथं गावाच्या मते देवानं काही ठेवलेलंच नव्हतं, आणि ठेवलं असलं तरी ते कधी बिघडत नव्हतं. त्या मुलखातल्या एकाच आजाराला चारचौघांत यायची परवानगी होती. तो म्हणजे मुतखडा.

त्यामुळं सावळारामला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा तो घाबरला कमी आणि लाजला जास्त. वय सदुसष्ट, चार एकर ऊस, सहा गायी, दूध डेअरीचा संचालक. आणि एवढ्या मोठ्या माणसाला लघवीला उभं राहिल्यावर धार लागेपर्यंत तेहतीस कोटी देवांतले निम्मे आठवून व्हायचे. लेक राजेश्वरी बारामतीत एका लॅबमध्ये रक्त तपासायला होती. साखर बघते म्हणून तिनं बापाचं रक्त काढलं आणि न सांगता त्यातच पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची तपासणी करून टाकली. आकडा वाईट आला. मग एमआरआय झाला, मग तुकडा काढून तपासला. गाठ लहान होती, एका कोपऱ्यात होती, प्रोस्टेटच्या ग्रंथीबाहेर गेलेली नव्हती.

“कापायची गरज नाही, आबा,” राजेश्वरी म्हणाली. “मुंबईला मशीन आहे. तेवढीच जागा आवाजाच्या लहरींनी जाळतात.”

मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. कानाला ऐकू न येणारा आवाज एका ठिपक्यावर गोळा करायचा. तिथं उष्णता होते, गाठ जळते, आजूबाजूचं शाबूत राहतं. भिंगानं कागद जाळतात तसं. गाठ लहान आणि आतल्या आत असली तरच हे जमतं, आणि पुढंही दर काही महिन्यांनी रक्त तपासत राहावं लागतं.

“आवाजानं रोग जात आसता,” सावळाराम म्हणाला, “तर हिच्या आवाजानं माजा कवाच गेला आसता.”

त्याची बायको मुक्ताबाई शेजारीच बसली होती. “तुमी कवा ऐकलाय का माजा आवाज?” ती म्हणाली.

डॉक्टर हसले. मग सावळारामनं पोटातला खरा प्रश्न बाहेर काढला. “ते यंत्र लावायचं कुठनं?”

“मागच्या वाटेनं.”

सावळारामनं आधी बायकोकडं बघितलं, मग छताकडं. “तकडनं आजवर कुनी आल्यालं न्हाय, डाक्टर.”

“भूल देतो. तुम्हाला कळणारसुद्धा नाही.”

“मला न्हाय कळायचं. गावाला कळलं मंजी?”

दोन-अडीच तासांत काम झालं. दुसऱ्या दिवशी लघवीची नळी आणि मांडीला बांधलेली पिशवी घेऊन सावळाराम घरी निघाला. अंगावर एक ओरखडा नव्हता. पुणं गेलं, सासवड गेलं. मोरगाव आलं तेव्हा त्यानं निकाल जाहीर केला.

“मुतखडा म्हनायचं.”

“आन खडा दाव म्हनले तर?” मुक्ताबाईनं विचारलं.

हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. गावात सहा मुतखडे होते, म्हणजे बाहेर काढलेले. ज्याचा निघाला त्याला दवाखान्यातून तो बाटलीत घालून मिळायचा, आणि मग ती बाटली टीव्हीशेजारी, गणपतीच्या फोटोखाली बसायची. भेटायला येणाऱ्यानं आधी बाटली उजेडाकडं धरायची, हलवायची, “बाबो!” म्हणायचं, आणि मगच चहा घ्यायचा, असा रिवाज होता. सगळ्यात मोठा खडा गेणबाचा, हरभऱ्याएवढा. बारा वर्षं झाली तरी त्याला तोड नव्हती, आणि गेणबा लग्नकार्यातसुद्धा त्याचा विषय काढल्याशिवाय पंगतीतून उठत नसे.

मुक्ताबाईनं अंगणातल्या मुरमातून तुरीच्या डाळीएवढा एक खडा निवडून आणला. सावळारामनं तो तळहातावर घेऊन बघितला आणि टाकून दिला. “डेअरीचा संचालक हाय मी,” तो म्हणाला. मग मांडीची पिशवी सावरत, लुंगीचा सोगा धरत तो स्वतः अंगणभर फिरला आणि चांगला वाटाण्याएवढा, खरबरीत, तांबूस खडा शोधून त्यानं औषधाच्या बाटलीत घातला. खोटंच बोलायचं तर हात कशाला आखडायचा?

दुसऱ्या दिवसापासून माणसांची रीघ लागली. शेजारची प्रयागबाई शहाळं घेऊन आली आणि खडा बघून तिनं कानावर बोटं मोडली. संध्याकाळी खुद्द गेणबा आला. त्यानं बाटली पाच मिनिटं हातात धरली.

“ह्यो भाईर कसा काडला?”

“मशिनीनं फोडून.”

“फोडला तर आख्खा कसा?”

सावळारामला घाम फुटला, पण संचालकपद काही उगाच मिळत नाही. “आख्खा कुठला?” तो म्हणाला. “त्यातला एक तुकडा हाय ह्यो.”

गेणबानं बाटली खाली ठेवली आणि चहा न घेता गेला. सावळाराम त्या दिवशी इतका खूश झाला की आपल्याला नक्की काय झालं होतं हे तोही घटकाभर विसरला.

मान वाढला की सल्लेही वाढतात. लोक त्याला विचारायचे, तात्या, खडा वितळायला काय खायाचं? आणि सावळाराम तोंडाला येईल ते सांगायचा. कुळथाचं कढण. पानफुटीची पानं, उपाशीपोटी. मक्याच्या केसांचा काढा. ऐकणारे मान डोलवायचे.

त्यात मानसिंगही होता. सावळारामच्या बांधाला बांध असलेला, पहिलीपासूनचा मित्र. सावळारामला तोंडावर “गप रे” म्हणू शकणारा गावातला एकच माणूस. डेअरीवर दुधाच्या रांगेत तो सावळारामच्या कानाशी लागला आणि हळूच म्हणाला, “मलाबी रातीत पाच-पाच बारी उठावं लागतंय. धार न्हाय धड. खडाच आसनार.”

सावळारामनं रांगेकडं बघितलं. तिथंच खरं सांगून टाकायचं होतं. पण मागं गेणबा उभा होता, पुढं आणखी चौघं. “एकदा दाकवून घे की बारामतीला,” एवढंच तो म्हणाला.

“कशाला? तुजंच औशिद करतो. तुजा गेला, माजा न्हाय जायाचा?”

राजेश्वरी माहेरी आली की एकच धोशा लावायची. “आबा, मानसिंगकाकांना रक्त तपासायला सांगा. तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते.”

“सांगतो म्हनलं ना,” सावळाराम म्हणायचा. “तू यात पडू नगं.”

आणि तो सांगायचा, पण अर्धं. दिवाळीत म्हणाला, आपल्या वयात समदं तपासून घ्यावं. संक्रांतीला म्हणाला, नुसत्या रक्ताचं तर काम हाय. मानसिंगनं दोन्ही वेळा हसण्यावारी नेलं. तो कुळथाचं कढण नेमानं प्यायचा. वर इंदापूरकडं कुणी मुतखड्याची पुडी देतं म्हणून तीही आणायचा. आठ महिने झाले. सावळारामची नळी केव्हाच निघाली होती, त्याचे आकडे उतरले होते, त्याची धार सुरळीत झाली होती. लाज मात्र जिथल्या तिथं होती.

मग एक दिवस मानसिंग गोठ्यात धार काढायला बसला आणि त्याला उठता येईना. कंबर धरली होती. त्याची सून अनिता सावळारामला बोलवायला आली. तो गेला तेव्हा मानसिंग गव्हाणीला टेकून बसला होता, चेहरा उतरलेला, आणि तरी म्हणत होता, “खडा सरकला वाटतं.”

अनिता हाताला धरून उठवायला लागली. सावळाराम तिला म्हणाला, “पोरी, जरा च्या टाक जा.” ती गेली. मग तो मित्रासमोर खाली बसला.

“मानसिंगा, मला खडा नव्हता.”

“मंग?”

“कॅन्सर. प्रोस्टेटचा. आन जे मशिन लावलं ते मागनं लावलं.”

मानसिंगनं त्याच्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. “टाकं दाव.”

“टाकं न्हाईत. कापत न्हाईत त्यात.”

“कापत न्हाईत तर कसलं रं आपरेशन?”

आता गावाला पटेल असं अंगावर काहीच नव्हतं. सावळाराम घरी गेला, कपाटातून फाईल घेऊन आला आणि मानसिंगच्या मांडीवर ठेवली. मानसिंगनं पानं उलटली. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण पहिल्या पानावर सावळारामचं नाव होतं आणि त्याखाली एक शब्द होता, तो इंग्रजीतसुद्धा सगळ्यांना ओळखता येतो. त्यानं फाईल मिटली.

“आन कुळथाचं कडान?” त्यानं शेवटी विचारलं.

“ते तोंडाला आलं ते बोललो.”

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीनं रक्त घेतलं. पुढच्या पंधरा दिवसांत बाकीच्या तपासण्या झाल्या. बारामतीच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं आणि सरळ सांगितलं. गाठ ग्रंथीबाहेर पडली आहे, कमरेच्या हाडात उतरली आहे. आता ते आवाजाचं मशीन उपयोगाचं नाही. इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत, हाडाला किरण देऊ, दुखणं कमी होईल. औषधं लागू पडली तर माणसं यातही बरीच वर्षं काढतात. पण मुळासकट जाईल असं मी म्हणणार नाही.

“आट म्हैन्यापूर्वी आलो आसतो तर?” मानसिंगनं विचारलं.

“सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “कदाचित तेव्हाही बाहेर गेली असेल. कदाचित नसेलही.”

गाडीत मानसिंग खिडकीबाहेरचा ऊस बघत बसला. सावळारामला वाटत होतं, त्यानं शिव्या घालाव्यात, आईबापावरून घालाव्यात, थोबाडीत द्यावी. कऱ्हेचा पूल गेला, माळेगाव गेलं. सावळारामला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

“रडतूयास कशाला?” मानसिंग म्हणाला. “मला सांगायला लाजलास. तू जितकं दिस लाजलास, तितकं दिस माजा रोग वाडला. डाक्टर काय म्हनला ते म्हनू दे. मला तसंच वाटतंय, आन तसंच वाटत ऱ्हानार.”

“व्हय,” सावळाराम म्हणाला.

“उद्या डेअरीवर सांगायचं. समद्यांम्होरं. कुठला रोग, कुठनं मशिन, काय बी सोडायचं न्हाय. मी हुबा ऱ्हानार हाय.”

सकाळी डेअरीवर वीस-बावीस माणसं होती. मानसिंग काठी टेकत आला आणि दुधाच्या कॅनवर बसला. सावळारामनं घसा खाकरला, टोपी काढली, पुन्हा घातली आणि सांगायला सुरुवात केली. खडा अंगणातला होता हे सांगितलं तेव्हा गेणबानं जोरात मांडीवर थाप मारली. बारा वर्षांचा मान परत मिळाला होता. मशीन कुठून लावलं हे सांगितलं तेव्हा डेअरीचं पत्र्याचं छप्पर हादरलं. एकजण म्हणाला, तात्या, परत एकदा सांगा, ह्यो आत्ताच आलाय. सावळारामनं परत सांगितलं. कान लाल झाले होते, पण त्यानं परत सांगितलं.

मग तो म्हणाला, “माजं ल्हान व्हतं म्हून भागलं. ह्याचं ऱ्हायलं न्हाय तसं. मी खोटं बोललो म्हून.” आणि त्यानं मानसिंगकडं हात केला.

हसणं जागच्या जागी बसलं. कुणी वजनाच्या काट्याकडं बघू लागलं, कुणी स्वतःच्या चपलेकडं. एकेकानं दूध घातलं आणि माणसं पांगली. गेणबा मात्र मोकळी किटली हातात घेऊन तिथंच रेंगाळला. चांगली दहा मिनिटं गेल्यावर तो सावळारामजवळ आला.

“तुजी राजेश्वरी,” तो पुटपुटला, “उद्या आसती का रं लॅबात?”

“किती बारी उठतूस?”

गेणबानं मागं-पुढं बघितलं. तोंडानं काही न बोलता त्यानं छातीपाशी हळूच चार बोटं धरली.

“तोंडानं सांग, गेणबा,” कॅनवरून मानसिंग म्हणाला. “मोट्यानं सांग. मी हळू सांगितल्यालं.”