पोटाखालचा खटका

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. डुप्लिकेट नाही हं! लोक तसं म्हणायचे, पण मी फक्त दुसऱ्या कंपनीचा होतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लेबलं छापणाऱ्या कारखान्यात जुना कॉम्प्युटर होता. त्याचा स्वतःचा कीबोर्ड गेला, म्हणून त्र्याण्णव साली मला आणलं. तेव्हापासून काहीही बिघडलं की मालक प्रभाकरराव म्हणायचे, "कंपनीचा नाही ना, म्हणून." प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी बोलणी मलाच!

माया केली ती टायपिंग करणाऱ्या हेमाने. ती लोकलने दिवा स्टेशनाहून यायची. वडील पाय मोडून घरी बसलेले, घर तिच्या पगारावर चालायचं, आणि नोकरी अजून कच्ची होती.

दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची होती. त्याआधी धूळ झाडायला म्हणून प्रभाकररावांनी मला टेबलावर दणादण आपटलं. मग हेमाने हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच होईना. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ, कीबोर्डमध्ये बिघाड आहे, पुढे जायला एफ-वन दाबा. आता काय म्हणावं या शहाण्याला? ज्याचं बटण चालत नाही, त्याचंच बटण दाबायचं! हेमाने दाबलं, पुन्हा दाबलं. काही नाही.

प्रभाकररावांनी तिला सगळ्यांदेखत झापलं. तुझं कुंकू आत गेलं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालू झालं नाही तर उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले.

माझा जीव नुसता तळमळत होता. माझ्या पोटाखाली नखाएवढा खटका आहे. एकीकडे सरकवला की अगदी जुन्या जातीचे कॉम्प्युटर माझं ऐकतात, दुसरीकडे सरकवला की त्यानंतरचे. आपटताना तोच भलत्या बाजूला सरकला होता. अंगावर सगळी अक्षरं, आणि एक शब्द सांगता येईना!

हेमाने वायर काढून पुन्हा घातली. कुंकू ब्रशने झाडलं. बटणं एकेक उपसून पुसली. बाहेर डबे उघडायची गडबड सुरू झाली. अगं, उलटं कर ना मला, मी मनातल्या मनात ओरडत होतो. शेवटी वायर तुटली आहे का, ते बघायला तिने मला उलटं केलं आणि तिची नजर थांबली. खटक्याभोवती सगळीकडे धूळ होती, त्याला लागून खटक्याएवढी जागा मात्र स्वच्छ होती. म्हणजे तो आत्ताच सरकला होता. तिने कॉम्प्युटर बंद केला, खटका मागे घेतला, पुन्हा चालू केला. माझे दिवे लुकलुकले, आणि पडद्यावर पुढच्या ओळी उमटल्या!

"बरं, लाग कामाला," प्रभाकरराव पुटपुटले.

हेमा उभीच राहिली. "सर, आपटल्यामुळे खालचा खटका सरकला होता. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात. आता माझ्यामुळे बिघडलं नव्हतं, हेही सगळ्यांसमोर सांगा."

प्रभाकरराव घुटमळले. मग डबे खाणाऱ्या माणसांकडे वळून म्हणाले, "कीबोर्ड मीच आपटला होता. हेमाची चूक नव्हती." हेमाने तोंड फिरवून डोळे पुसले. मलाही भरून आलं.

मित्रांनो, आता मी माळ्यावर पडून आहे. एकच मागतो. काही बंद पडलं तर आधी हळू हाताने सगळ्या बाजूंनी बघा. आम्हाला मार सोसतो, दिवसभर बोटांचे फटके खाण्यातच आमचा जन्म जातो. पण आमचं नाव पुढे करून कुणाच्या पोटावर पाय आणू नका.