तेजबाबांचा हंडा

“ना विस्तव, ना वायर! हिरवा दाणा आत, भाजलेला दाणा बाहेर!”

तेजबाबांनी दोन्ही हात वर केले आणि माझ्या भाचीच्या अंगणात जमलेली साठ-सत्तर माणसं एकदम पुढे सरकली. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो, तरी कोणाचं तरी कोपर माझ्या चष्म्याला लागलंच.

भाचीचा कॉफी भाजण्याचा लहानसा कारखाना आहे. पत्र्याची एक शेड, छपरावर सौरपॅनेलं, कोपऱ्यात बॅटऱ्यांचं कपाट आणि मधोमध विजेवर तापणारं, फिरणारं पिंप. आभाळ भरून आलं की ती दारावर पाटी लावते, ‘आज ऊन नाही, आज भाजणं नाही.’ बहुधा ही पाटी वाचूनच पाच दिवसांपूर्वी बाबा इथे टपकले. “सूर्य या घरात आलाय, पण यंत्राची अडगळ आड येते,” म्हणाले. तेव्हापासून रोज दुपारी त्यांचा तांब्याचा उंच हंडा उन्हात ठेवला जाई, त्यात कच्चे दाणे पडत आणि पंधरा मिनिटांनी भाजलेले बाहेर येत. त्यांचं नाव सूर्यदाणे. रोज सात, असे सात दिवस चघळले की म्हणे कुठलाही आजार पळतो.

मी हसून सोडून दिलं असतं. पण भाचीचे यजमान चौदाव्या वर्षापासून इन्सुलिनवर आहेत, आणि बाबांच्या सांगण्यावरून काल सकाळपासून त्यांनी सुई टोचून घेतली नव्हती.

सकाळी मी आलो तेव्हा ते पाण्याचा तिसरा तांब्या संपवत होते. ओठ सुकलेले, श्वास भरभर, तोंडाला अती पिकलेल्या फळासारखा वास.

“चला ना दवाखान्यात,” भाची विनवत होती. “डॉक्टरबाई फोनवर ओरडल्या मला. एक तासही थांबू नका म्हणाल्या.”

“बाबा म्हणतात, साचलेलं विष निघतंय.”

“विष नाही, जीव निघतोय!”

“मग तू सांग. तूच भाजणारी. विस्तवाशिवाय दाणे भाजले कसे?”

“भाजताना दाणा तडतडतो, साल उडते, धूर होतो. त्यांच्या हंड्यात होतं यातलं काही?”

“तोच तर चमत्कार!”

जे जे घडत नव्हतं, ते सगळं बाबांच्याच खात्यावर पुण्य म्हणून जमा होत होतं. शेवटी जावईबापू म्हणाले, “आज मला खोट दाखव. दाखवलीस तर तडक दवाखान्यात येतो. नाहीतर इन्सुलिनचा डबा बाबांच्या हाती देईन आणि पुन्हा सुईचं नाव काढणार नाही.”

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. चाळीस वर्षं ग्रंथालयात ‘शांतता राखा’ या पाटीखाली काढलेला माणूस मी. मला कुठे वाद घालता येतो? तिच्याकडे आलो की माझं काम एकच, कच्च्या दाण्यांतून गोल दाणे निवडायचे. कॉफीच्या फळात सहसा दोन दाणे एकमेकांना टेकून वाढतात, म्हणून एका बाजूने चपटे होतात. क्वचित एकटाच दाणा वाढतो, तो गोल. गोल दाणे पिंपात वेगळे घरंगळतात, म्हणून वेगळे भाजावे लागतात. दोन महिन्यांत मी त्यांचा डबा भरत आणला होता.

“दाणे आणा! घरच्याच माणसाने आणा!” बाबांचा शिष्य ओरडला.

“मामा, पोत्यातले आणता?” भाची म्हणाली.

एवढ्या नजरा माझ्यावर वळल्यावर मला काही सुचेना. आत गेलो, हाताला लागलं ते उचललं आणि हंड्यात ओतलं. बाबांनी झाकण लावलं, कडेची मूठ गोंजारली आणि डोळे मिटले.

“सूर्याची लहर, लहरीची ऊर्जा, ऊर्जेचा दाणा, दाण्याचा प्राण!”

“अंगावर काटा आला, बाई,” शेजारची शिंपीण म्हणाली.

“माझ्या ट्रकवर फुंकर मारता का बाबा? डिझेल वाचेल,” ट्रकवाला म्हणाला. चार जणांनी त्याला गप्प केलं.

पंधरा मिनिटांनी बाबांनी हंडा उघड्या हातांनी उचलून परातीत कलता केला. तपकिरी दाणे खळखळत पडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिष्याने जावईबापूंच्या ओंजळीत सात दाणे ठेवले आणि दुसरा हात इन्सुलिनच्या डब्यासाठी पुढे केला. परात फिरत माझ्याकडे आली. मीही एक दाणा घेतला.

चपटा. दुसरा उचलला. तोही चपटा. परातीत बोटं फिरवली, सगळे चपटे.

पण मी ओतलं काय होतं? पोत्यातलं की डब्यातलं? चष्मा पुसायला हात वर केला तेव्हा कळलं, माझा डबा माझ्याच काखेत होता. रिकामा.

तरी मन मानेना. मी भाचीच्या कानाशी लागलो. “गोल दाणा भाजून चपटा होतो का गं?”

“नाही. फुगतो, पण गोलच राहतो. का?”

“मी चुकून गोल ओतले.”

तिने माझा दंड घट्ट धरला. “मोठ्याने बोला, मामा.”

मी बोललो. आवाज फाटला, पण बोललो.

“सूर्याने दाण्याचं रूप पालटलं!” बाबा हसले. “आजोबा, वाचून वाचून डोळे गेले तुमचे.”

लोकही हसले. जावईबापूंनी ओंजळ तोंडाजवळ नेली.

“मग हंडा उलटा करा,” मी म्हणालो. “रिकामा निघाला तर सगळ्यांदेखत पाया पडतो.”

“हात लावाल तर भस्म व्हाल!” शिष्य हंड्याला बिलगला.

“दाणा भाजायला दोनशे अंश लागतात,” भाची म्हणाली. “हा हंडा तेवढा तापला असता तर आधी तुझ्या बाबांचे हात भाजले असते. सर बाजूला.”

ट्रकवाल्याने शिष्याला काखेत हात घालून उचललं. भाचीने हंडा उलटा केला.

काही पडलं नाही. जावईबापूंचा जीव मी माझ्या आगाऊपणावर लावला होता. मग भाचीने बाबांसारखी कडेची मूठ धरली आणि पिळली. खट्! हिरव्या गोल दाण्यांची धार लागली. दाणे लोकांच्या पायांतून घरंगळत सुटले.

आत तांब्याचाच एक पडदा होता. मूठ इकडे वळवली की एक कप्पा उघडा, तिकडे वळवली की दुसरा. भाजलेले दाणे आधीच भरलेले असत. ऊन त्यांना फक्त कोमट करत होतं.

“अरे, कपाट आहे की हे!” शिंपीण ओरडली. सगळे हंड्याभोवती वाकले, तेवढ्यात बाबा फाटकातून पसार झाले.

जावईबापूंनी सातही दाणे टाकून दिले. उठायला गेले आणि तिथेच बसले. आम्ही त्यांना उचलून ट्रकमध्ये घातलं. दवाखान्यात चार दिवस गेले, त्यातले पहिले दोन भाचीने खुर्चीत काढले. डॉक्टरबाई म्हणाल्या, संध्याकाळ झाली असती तर काही सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी त्यांनी जावईबापूंना विचारलं, “इतकी वर्षं माझं ऐकलंत. मग त्याचं का ऐकलंत?”

ते म्हणाले, “तुम्ही ‘जन्मभर’ म्हणालात, बाई. तो ‘सात दिवस’ म्हणाला.”

हे ऐकल्यापासून मी फसलेल्या माणसाला हसत नाही. रोज सुई टोचून घेणारा माणूस दमतो, आणि भोंदू त्या दमण्यावरच टपलेला असतो. म्हणून एवढंच सांगतो, चालू औषध बंद करायला जो सांगेल, त्याला तिथल्या तिथे, चारचौघांत प्रश्न विचारा. तपासू देत नसेल तर समजून जा. आणि बोलताना आवाज कापला तर कापू द्या, पण बोला.